पुढचा डावा कोपरा

“बसा काका. खुर्ची मागेच आहे, बघू नका.”

बारकूने बघितलंच. खुर्ची जागेवर होती. लाल प्लास्टिकची, एका हाताला तडा गेलेली. तिच्यावर टेकलं न टेकलं तोच उठायचं, पुन्हा टेकायचं, पुन्हा उठायचं. आणि हे सगळं छातीशी एक डंबेल धरून, तान्हं पोर धरावं तसं. शेजारी आरशासमोर एक दांडगा गडी खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन बैठका मारत होता. दांड्याच्या दोन्ही टोकांना जाडजूड चकत्या होत्या आणि गड्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बारकूची नजर सारखी तिकडे जायची.

“मॅडम, त्यो दांडा मला कदी?”

“कधीच नाही.”

“आसं कसं कदीच न्हाई?”

“तुमच्या मणक्यातली गादी सरकलीय. वरून भार दिला तर आणखी सरकेल. समोर बघा. कमरेतून वाकू नका, खुब्यातून बसा.”

कोमल सकाळी एका दवाखान्यात फिजिओथेरपी करायची आणि संध्याकाळी लोणावळ्यातल्या या जिममध्ये शिकवायची. वयाने बारकूच्या लेकीएवढी. बारकू तिला चांगलाच वचकून होता, फक्त ते तोंडाने कबूल करायचा नाही.

खिशातला फोन थरथरला. बारकूने डंबेल काखेत मारलं आणि हात खिशात घातला.

“काका, फोन बाहेर ठेवायचं ठरलं होतं आपलं.”

“येवडा बगतो. पथकाचा हाय.”

पथकाच्या ग्रुपवरचेच निरोप होते. नागफणीच्या डोंगरवाटेवर कुणाचा तरी पाय मुरगळला होता. विकास निघाला होता, पप्पू निघाला होता, महिपतीभाऊ गाडी काढत होते. बारकू कुठे आहे असं कुणीही विचारलं नव्हतं. त्याने फोन खिशात टाकला, पुन्हा काढला, तेच पुन्हा वाचलं आणि खुर्चीवर तसाच बसून राहिला.

“उठा,” कोमल म्हणाली. “बसायची खुर्ची नाहीये ती.”

बारकू कुरवंड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला. पोटासाठी तो लोणावळ्यातल्या एका बंगल्याची देखभाल करायचा. हिरवळ खुरपायची, झाडांना पाणी घालायचं, शनिवारी मालक यायच्या आत पंख्यांवरची धूळ झटकायची. पण काय करता असं कुणी विचारलं तर तो माळी आहे असं सांगायचा नाही. “मी पथकात हाय,” असं सांगायचा. डोंगरात कुणी घसरलं, पडलं, वाट चुकलं की पोलीस ज्यांना फोन लावतात, ती ही गावची माणसं. पगार नाही, भत्ता नाही. मिळालंय ते एवढंच, एक पिवळी टोपी आणि पाठीवर नाव छापलेला टी-शर्ट. त्या टी-शर्टला बारकू स्वतः इस्त्री करायचा, बायकोला हात लावू द्यायचा नाही.

पथकात ज्याची त्याची जागा ठरलेली असते. बारकूची जागा म्हणजे स्ट्रेचरचा पुढचा डावा कोपरा. नागफणीवरून ते ज्या वाटेने उतरतात तिथे दरी डाव्या हाताला राहते, आणि उतार असल्यामुळे सगळा भार पुढच्यांवर येतो. म्हणजे सगळ्यांत जास्त ओझं आणि सगळ्यांत वाईट वाट, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला. ही जागा बारकूला कुणी दिली नव्हती आणि इतक्या वर्षांत कुणी मागितलीही नव्हती. त्या कोपऱ्याला धरून त्याने कितीतरी माणसं खाली आणली होती. बहुतेक जिवंत, काही नाही. जगात आपल्याला नीट येते अशी ही एकच गोष्ट आहे, अशी त्याची समजूत होती.

आणि अशा माणसाची कंबर गेली कशाने? तर कुंडीने. बंगल्याच्या मालकीणबाईंना पोर्चमधली कुंडी जराशी उजवीकडे हवी होती. सिमेंटची कुंडी, आत चाफा. बारकू वाकला, कुंडीला मिठी घातली, झटका दिला आणि तिथेच आडवा झाला. पथकात बातमी पोचली तेव्हा सगळे आधी हळहळले आणि मग पोट धरून हसले. “माणसं उचलून गड्याला काय झालं न्हाई, चाफ्यानं पाडला,” असं विकास म्हणाला होता. बारकूही हसला होता, आणि हसताना कमरेत अशी कळ आली होती की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मालकीणबाईंना अपराधी वाटलं असावं. त्यांनीच त्याचं नाव कोमलकडे घातलं.

तेव्हापासून त्याला घडीची स्वस्थता नव्हती. बसलं की दुखतं म्हणून उभा राहायचा, उभं राहिलं की पाय भरून येतात म्हणून आडवा व्हायचा, आडवं पडलं की फोन वाजल्यासारखं वाटायचं म्हणून उठून अंगणात जायचा. अंगणातून नागफणीचं टोक दिसतं. तिकडे बघत राहायचा आणि बघून झालं की चिडून आत यायचा.

“आवो, एका जागी टेका की कुटंतरी,” बबिता वैतागायची. “घरात भवरा सोडल्यावानी झालंय.”

“टेकायलाच शिकतोय तितं जिममंदी,” बारकू म्हणायचा. “शिकून झालं की टेकतो.”

व्यायाम मनापासून चालला होता, तरी दुखणं काही हटत नव्हतं. कोमलने खुर्ची आणखी उंच केली, वजन कमी केलं, भिंतीला पाठ लावून उभं केलं, पण संध्याकाळी आला की बारकूची कंबर पुन्हा काल होती तिथेच. ती बुचकळ्यात पडली. एक दिवस ती जरा लवकर आली, तर बारकू जिमच्या दाराबाहेर चपला बाजूला काढून उकिडवा बसला होता. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे काखेपाशी, पाठ पार वाकलेली. हातात चहाचा कागदी कप.

“काका! हे काय?”

“च्या.”

“चहा कळला. बसलाय कसे?”

बारकूने खाली स्वतःकडे पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नाही. “बसलोय कुटं मॅडम? इसावा घेतोय.”

वाडीत उकिडवं बसण्याला कुणी बसणं म्हणतच नाही. बायका तांदूळ निवडतात ते असंच, गडी गप्पा मारतात ते असंच, सोयरीकसुद्धा असंच बसून ठरते. बारकू बंगल्याची हिरवळ दिवसभर असाच खुरपायचा आणि कंबर फारच ठणकली की बरं वाटावं म्हणून आणखी थोडा वेळ असाच बसून राहायचा. पहिल्या दिवशी कोमलने विचारलं होतं, “दिवसातून किती वेळ बसून काम असतं?” आणि त्याने अगदी खरं उत्तर दिलं होतं, “आजाबात न्हाई.”

कोमल कपाळाला हात लावून पायरीवरच बसली. “संध्याकाळी मी तुमची पाठ सरळ करते आणि दिवसभर तुम्ही ती वाकडी करता. इतकं खाली बसलं की कंबर आतून गोल होते, गादी मागे ढकलली जाते. खुर्ची कशासाठी दिलीय मी तुम्हाला? तिच्या खाली जायचंच नाही म्हणून.”

“मंग गवात काडायचं कसं?”

“एक गुडघा टेकवा. नाहीतर स्टूल घ्या.”

“स्टुलावर बसून खुरपायचं? मालकीनबाई म्हनत्याल, माळ्याचा राजा झाला.”

“म्हणू देत.”

तेव्हा इतके दिवस दाबलेलं बाहेर आलं. बारकूने कप पायरीवर आपटला. “मॅडम, तुमी खुर्चीवर बसवता, भितीला लावता, आता म्हनता गुडगा टेकवा. मला काय खुर्चीवर बसून दिवस काडायच्यात का? मला स्ट्रेचर उचलायचंय. ते काय कुनी टेबलावर ठेवून देत न्हाई. ते खाली आसतं. दगडात. ज्याला लागलंय त्यो वरडत आसतो. आन तितं मी न्हाई गेलो तर मी करायचं काय, त्येवडं सांगा.”

कोमल पायरीवरून उठली. मग म्हणाली, “चला, दाखवा. कसं उचलता ते दाखवा मला.”

आत एक लांब बाकडं होतं. बारकू त्याच्या कोपऱ्यापाशी गेला, कमरेतून वाकला आणि एका झटक्यात कोपरा वर घेतला. वाडीतला माणूस गवताचा भारा उचलतो, लाकडाची मोळी उचलतो, ती अशीच. वाकायचं, हिसका द्यायचा, ओझं वर.

“ठेवा, ठेवा खाली! कुंडी अशीच उचलली होती?”

“मंग? दुसरी कशी उचलत्यात?”

ती मात्र आता दुसरंच काही बघत होती. वजन एका हातात येत होतं, अंगाच्या बाजूला. पाय वरखाली होते. हे तिने शिकवलेल्या कशासारखंच नव्हतं, आणि तिने ते मोकळेपणाने सांगितलं. “चुकलं माझं. आधीच विचारायला हवं होतं.” मग तिने सतरंज्यांची चवड रचली. एक पाय पुढे, एक मागे, डंबेल उजव्या हातात, पाठ उभी. सरळ खाली जायचं, मागचा गुडघा चवडीला लागला की सरळ वर यायचं. बारकू गेला आणि आला. कमरेत काही झालं नाही. तो परत गेला. मांडी पेटली, पण ते पेटणं त्याला ओळखीचं वाटलं, चढाचं.

“ह्ये बेस हाय,” तो म्हणाला. “ह्यात कायतरी उचलल्यावानी तरी वाटतंय.”

“ऐका आता. मांडी दुखली, हात भरला, चालेल. पण कमरेतून निघून पायात खाली कळ गेली, तर हातात असेल ते सोडायचं. त्याच क्षणी.”

“हातात मानूस आसंल तर?”

“तर तुम्ही इतक्यात तिथे जायलाच नको,” कोमल म्हणाली.

बारकू उकिडवं बसायचं सोडू लागला. सोपं नव्हतं, वाडीत चार माणसं बसलेली आणि हा एकटा उभा, म्हणजे भांडायला आलाय असंच वाटायचं. पण दुखणं उतरलं. दिवाळी झाली, डोंगरावरचं गवत पिवळं पडलं. एका सकाळी महिपतीभाऊ आले. पथकाचे म्होरके तेच. साठीला आलेला, भातशेतीत राबलेला माणूस.

“बारकू, तू आता फोन सांबाळ,” ते म्हणाले. “वरची मानसं भेदरल्याली आसत्यात, कुटं हायत त्ये बी सांगता येत न्हाई त्येंना. तुला सगळ्या वाटा ठावं हायत.”

“फोनवर कोन बी बसंल, भाऊ.”

“न्हाई बसत. आन तुजी जागा काय कुटं जात न्हाई. तुजीच हाय ती. पप्पू हाय तिच्यावर आत्ता, पर तुजीच हाय.”

यातलं काय खरं धरायचं ते बारकूला समजलं नाही. पप्पू चांगला उंच, धडधाकट पोरगा, सुदुंबऱ्याकडे एका कारखान्यात पाळीवर जायचा. त्याने स्ट्रेचर धरलेलं बारकूने एकदा लांबून पाहिलं होतं, आणि त्याला दोष काढता आला नव्हता. त्याचंच त्याला जास्त लागलं होतं.

फोन आला तो रविवारी, ऊन वर आल्यावर. पुण्याहून आलेला चौघांचा गट, त्यातली एकजण वाळक्या गवतावरून घसरून खालच्या दगडांत गेली होती. नडगी मोडलेली दिसत होती. बारकूने नीट विचारून घेतलं, कातळ कुठल्या हाताला आहे, रेलिंग दिसतं का, आणि जागा ओळखली. “हलू नका तितनं. पाय हाय तसा ऱ्हाऊ द्या. आमी येतोय,” असं तो म्हणाला. मागे ती बाई कळवळत होती, ते ऐकू येत होतं. मग त्याने महिपतीभाऊंना कळवलं. भाऊ माणसं जमवू लागले, तर पप्पू पाळीवर होता आणि वाडीतले दोघे लग्नाला कामशेतला गेले होते. आमी येतोय असं बारकू बोलून बसला होता, आणि आता त्याला घरात राहवेना. तो अंगणात गेला, आत आला, पुन्हा अंगणात गेला. मग त्याने इस्त्रीचा टी-शर्ट अंगावर चढवला.

बबिता दारात उभी होती. “तुमाला फोनवर बसवलंय न्हवं?”

“मानसं कमी हायत.”

“कोमल मॅडम व्हय म्हनल्या?”

“म्हनल्या.”

“माज्याकडं बगून सांगा.”

बारकू खाली वाकून टोपी शोधू लागला. टोपी खुंटीवर होती. बबितानेच ती काढून त्याच्या हातात दिली आणि बाजूला झाली. रागाने की काळजीने, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

वर पोचल्यावर महिपतीभाऊंनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “तुजी मॅडम काय म्हनली?”

“उचल म्हनली.”

भाऊंनी जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली आणि पुढे काही विचारलं नाही. जखमी बाईचं नाव माधवी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. विकासने तिच्या पायाला फळ्या बांधल्या, सुजलेल्या पायातला बूट काढून स्ट्रेचरच्या पायथ्याशी ठेवला, पट्टे आवळले. मग जो तो आपापल्या जागी गेला. पुढच्या डाव्या कोपऱ्याला बारकू गेला.

तो वाकला नाही. एक पाय पुढे, एक मागे, पाठ उभी ठेवून तो सरळ खाली गेला, दांडी मुठीत घेतली, आणि महिपतीभाऊ म्हणाले, “एक, दोन, उचल!” स्ट्रेचर वर आलं. कमरेत काहीही झालं नाही. बारकूला इतका आनंद झाला की तो दडवावा कुठे हे त्याला कळेना. शेजारी एक माणूस विव्हळत होतं आणि त्याला हसू फुटत होतं.

“आरं वा, चाफेवाले!” पलीकडच्या कोपऱ्यावरून विकास म्हणाला.

उतार सुरू झाला. बारकू पुढचं बघून सांगत होता, दगड, माती, आता करवंदाची जाळी. मध्येच मागच्या एकाने “बदली!” अशी हाक दिली. हात भरून आला की अशी हाक द्यायची. शेजारून चालणारा माणूस आधी दांडीखाली आपला हात घालतो आणि मगच पहिला आपला काढतो. स्ट्रेचर थांबत नाही. त्यात कमीपणा कुणी मानत नाही, सगळेच बदली मागतात. बारकूने मात्र आजवर कधी मागितली नव्हती. सपाटी लागेपर्यंत तो कोपरा त्याचाच असायचा.

वाट अरुंद झाली. एक मोठी पायरी उतरायची होती. बारकूने डावा पाय खालच्या दगडावर टाकला, सगळा भार त्याच्याकडे आला आणि कमरेतून एक बारीक कळ निघाली. मांडीच्या मागून, गुडघ्याच्या मागून, पोटरीपर्यंत. बारीकच होती. याच्या दसपट त्याने सोसलं होतं. सपाटी समोर दिसत होती, गाडीचं छत दिसत होतं. कुणाला कळणार होतं?

“काका, आलं का?” डोळे मिटूनच माधवीने विचारलं.

“आलं, आलं.”

तो आणखी एक पाऊल चालला. पाऊल टाकताना आपला पाय कुठे पडतोय ते त्याला नीट जाणवलं नाही. डाव्या हाताला उतार तुटत खाली गेला होता.

“बदली!”

आवाज कुणाचा ते विकासला आधी कळलंच नाही. त्याने मागे पाहिलं, मग बारकूकडे पाहिलं. शेजारून महिपतीभाऊ आले. त्यांचा हात दांडीखाली आला, बारकूच्या हाताला घासला.

“सोड,” भाऊ म्हणाले. बारकूने सोडलं.

तो वाटेच्या कडेला झाला आणि एका झाडाला धरून उभा राहिला. स्ट्रेचर त्याच्या शेजारून गेलं. मागच्या जोडीतल्या एकाने जाता जाता विचारलं, “बरा हायेस ना?” तो मानेने हो म्हणाला. आपल्याहून म्हातारा माणूस आपल्या कोपऱ्याला लागला, याची त्याला लाज वाटली. पण ती बाई पडली नाही, म्हणून सुटल्यासारखंही वाटलं, आणि या दोहोंत कुठलं मोठं ते ठरवणं त्याच्याने होईना. टोप्या गवतावरून थोडा वेळ दिसल्या, मग वळणाआड गेल्या. आता दगड कोणता, माती कुठली, ते विकास सांगत होता. बरोबर सांगत होता.

कळ हळूहळू विरली. बारकूने पाऊल टाकून पाहिलं. पायरीखाली वाटेच्या मधोमध माधवीचा बूट पडला होता. स्ट्रेचर कलतं झालं तेव्हा पायथ्यावरून घरंगळला असणार. करड्या रंगाचा, नवाकोरा, नाडी सुटलेला.

बारकू त्याच्यापाशी गेला. एक पाय पुढे घेतला, एक मागे, पाठ उभी ठेवली आणि समोर बघत सरळ खाली गेला. बूट उचलला. तसाच सरळ वर आला.

“बूट ऱ्हायलाय!” त्याने खाली हाक दिली. ती कुणाला ऐकू गेली नाही. मग नाडी आत खोचून, बूट हातात धरून, पाय जपून टाकत तो वाट उतरू लागला.